एक्स्प्लोरर आडवा का झाला?

३१ जानेवारी १९५८ च्या रात्री केप कॅनाव्हेरलहून अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्स्प्लोरर-१ सुटला. सुमारे २ मीटर लांब, १६ सेंटिमीटर जाड, १४ किलोचा दांडकाच तो. लांबीच्या अक्षाभोवती मिनिटाला ७५० गिरक्या घेत तो भोवऱ्यासारखा स्थिर राहील, असा जेपीएलच्या (जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या) अभियंत्यांचा हिशेब होता. पण पृथ्वीभोवतीची पहिली फेरी होते न होते तोच त्याच्या रेडिओ संदेशाचा जोर कमी-जास्त होऊ लागला. उपग्रह पंख्याच्या पात्यासारखा आडवा गरगरत होता. बाहेरून धक्का लागल्याशिवाय गिरकीचा संवेग बदलत नाही, हा कोनीय संवेगाचा नियम मोडला की काय, असे वाटावे असा हा प्रकार. माझ्या मते नियम तंतोतंत पाळला गेला, म्हणूनच त्याला आडवे व्हावे लागले.

उपग्रहाच्या अंगावर तारेसारखे चार लवचीक अँटेना होते. अक्ष किंचित डगमगला की ते वाकत, सरळ होत, पुन्हा वाकत. या घुसळणीत गतीची थोडी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जात राहिली. कोणी म्हणेल, पोकळीत हवा नाही, घर्षण नाही, मग ऊर्जा जाईल कशी? घर्षण बाहेर नव्हते, अँटेनांच्या धातूत होते. ऊर्जा गेली तर संवेगही घटायला हवा, हा आक्षेपही टिकत नाही. आतली बले एकमेकांना तोलतात, संवेग बदलायला बाहेरचाच धक्का लागतो. संवेग तेवढाच आणि ऊर्जा घटत चाललेली, अशा वेळी एकच वाट उरते: ज्या अक्षाभोवती जडत्व आघूर्ण (गिरकी बदलायला होणारा विरोध) सर्वात जास्त, त्याभोवती सावकाश फिरणे. लांब दांडक्याला तो अक्ष आडवाच मिळतो.

फिरत्या वस्तूंची समीकरणे मांडणाऱ्या अठराव्या शतकातल्या गणिती ऑयलरला हे कसे सुटले, असे विचारणे अन्यायाचे होईल. त्याची समीकरणे पूर्ण कठीण वस्तूसाठी होती आणि तिथे लांबीच्या अक्षाभोवतीची गिरकी खरोखर टिकते. चूक झाली ती वाकणाऱ्या वस्तूला कठीण मानण्यात. स्टॅनफर्डच्या रोनाल्ड ब्रेसवेल आणि ओवेन गॅरिओट यांनी १९५८ मध्येच 'नेचर' या नियतकालिकात हे उलगडून दाखवले. त्यानंतर फिरते उपग्रह बहुधा बुटके आणि रुंद घडवले जाऊ लागले. १९ एप्रिल १९७५ ला अवकाशात गेलेला आपला २६ पैलूंचा, फिरता ठेवलेला आर्यभटही उंचीपेक्षा रुंदीनेच मोठा होता.