भुलचुकीची मूठ

आमच्या खानदेशात घरातली माणसं श्रावणात मोजली जातात, आणि ती गव्हाने. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची देवी कानबाई बसते. त्याआधी रोटाचे, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू काढायचे: घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, पाळण्यातला मुलगासुद्धा धरून. बायका मोजायच्या नाहीत. मोजणारी मात्र बाईच.

१९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व-पश्चिम तुकडे केले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. कानबाईला त्याचं काही नाही. जिथे भाऊबंद तिथे रोट. सुरतेच्या कापड कारखान्यांत गेलेले माझे दोघे दीर तापी लाइनच्या गाडीने नरडाण्याला उतरायचे आणि सावळद्याच्या पुलावरून शिरपुरात यायचे. दिवाळी एखाद्या वर्षी चुकायची, कानबाई नाही. पुढे सुरतेतही खानदेशी वस्त्यांत कानबाई बसू लागली, तरी आमचा धाकटा दीर म्हणायचा, तिथल्या पुरणाला चव नाही. (पुरण त्याची बायकोच करायची, म्हणून हे तो हळूच म्हणे.)

मी १९७८ मध्ये या घरात आले तेव्हा रोट जात्यावर दळत. बहिणाबाईंची गाणी जात्यावर आणि शेतात जन्मली, हे शाळेत शिकले होते. पहाटे खुंटा धरल्यावर कळलं की आधी फक्त खांदा दुखतो, गाणं नंतर. चार-पाच वर्षांत विजेची गिरणी आली. गिरणीवाला चक्की पुसून रोटाचं दळण वेगळं काढून देई. कोंडासुद्धा टाकायचा नाही.

मूठ सासूबाईंची. सगळं घर त्यांना बाई म्हणायचं. सुपापाशी बसून त्या एकेक नाव घेत आणि गहू टाकत. अकरा माणसांचे झाले की आणखी एक मूठ. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘भूलचूक र्‍हास, माय.’’ मला वाटलं, मोजणीत चुकायचं भय.

पुढे त्यांचं उजवं अंग गेलं. सात वर्षं अंथरुणात. त्यांना कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, भाकरी दुधात कुस्करून भरवणं, हे माझे दिवस होते. लोक ‘फार केलंस’ म्हणतात तेव्हा मला संकोच वाटतो, कारण दुपारी वेणी घालताना त्या ज्या गोष्टी सांगत, तशी मजा मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही. जीभ अडखळायची, चहाड्या मात्र स्पष्ट.

श्रावण आला की सूप खाटेवर ठेवायचं. डाव्या हाताची मूठ पुरती मिटत नसे, मी वरून माझा हात धरायची. नावं त्या घ्यायच्या. शेवटी भुलचुकीची मूठ.

ती कोणाची, हे मोठ्या जाऊबाईंनी बाई गेल्यावर सांगितलं. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी थोरल्या नणंदबाई विधवा होऊन माहेरी आल्या. लग्न झालेली लेक परक्या कुळाची. आमच्या घरच्या रिवाजाने रोट तिला चालत नाही. ती मूठ त्याच श्रावणात सुरू झाली. एका भाऊबंदाने हटकलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, मोजलेल्या माणसांचा रोट मोजलेल्यांनी खावा. भुलचुकीचं पीठ कोणाच्याच नावाचं नाही, आणि वाया तर घालवायचं नाही. भाऊबंदांना रिवाजात याचं उत्तर सापडलं नाही.

सोमवारी कानबाईला अरुणावतीवर वाजतगाजत नेतात. उरलेला रोट पुनवेच्या आत संपवावा लागतो. आता मूठ माझी. ती बाईंच्या मुठीपेक्षा मोठी आहे, त्यामुळे पीठ दरसाल उरतं. घरचे कंटाळतात. नणंदबाई ऐंशीच्या पुढे आहेत, दात नाहीत. गेल्या श्रावणात पुनवेच्या आदल्या रात्रीपर्यंत त्या पोळी दुधात भिजवून खात होत्या, आणि मूठ जरा लहान धर म्हणून मला रागावत होत्या.