चौथे टेबल

आपल्या ख्रिस्ती घरांत जेवणाच्या जागेजवळ, भिंतीवर, बहुधा एक चित्र आढळते : प्रभू येशूचे शेवटचे भोजन. मूळ चित्र लिओनार्दो द विंची याचे. इटलीतील मिलान शहरी, सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या डोमिनिकन मठात, सुमारे १४९५ ते १४९८ या काळात त्याने ते रंगविले. मात्र ते वेदीमागे नाही. ते आहे मठाच्या भोजनगृहात. या साध्या गोष्टीचा अर्थ आपण क्वचितच ध्यानी घेतो.

त्या रात्री जेरुसलेमच्या माडीवर असे उंच टेबल असण्याचा संभव कमीच. त्या काळी सणाचे भोजन रेलून घेण्याची रीत होती. वल्हांडणाच्या रात्री गरिबातल्या गरिबानेही रेलूनच जेवावे, असा यहुदी दंडक होता. कारण निवांत टेकून जेवणे हे मुक्त माणसाचे लक्षण, गुलामाचे नव्हे. संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रिय शिष्य प्रभूच्या उराशी टेकलेला दिसतो, तो यामुळेच.

मग लिओनार्दोने हे लांब टेबल आणि त्यावरील शुभ्र कापड कोठून आणले? जर्मन महाकवी गटे याने १८१७ साली लिहिलेल्या निबंधात त्याचे मार्मिक उत्तर दिले आहे. भोजनगृहाच्या एका टोकाला मठप्रमुखाचे टेबल, दोन्ही बाजूंना धर्मबंधूंची टेबले आणि समोरच्या भिंतीवर प्रभूचे व शिष्यांचे. म्हणजे ते त्या दालनातील चौथे टेबल झाले. कापड, त्याच्या घड्या, ताटे हे सारे मठातलेच असावे, असे गटेचे म्हणणे. चित्रकाराने प्रभूला धर्मबंधूंच्या रोजच्या पंगतीत आणून बसविले होते. विरुद्ध बाजूच्या भिंतीवर मोंतोर्फानो या चित्रकाराने १४९५ साली प्रभूचे क्रूसारोहण रंगविले. एका टोकाला क्रूस, दुसऱ्या टोकाला भोजन, आणि मधोमध आपला रोजचा घास घेणारी माणसे!

चित्राने पुढे पुष्कळ सोसले. ओल्या गिलाव्याऐवजी कोरड्या भिंतीवर रंग दिल्यामुळे लिओनार्दोच्या हयातीतच ते बिघडू लागले. १६५२ मध्ये भिंतीतले दार मोठे करताना प्रभूचे पाय नाहीसे झाले. नेपोलियनच्या सैनिकांनी त्या दालनात घोडे बांधले. ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बवर्षावात छप्पर कोसळले. वाळूच्या पोत्यांच्या आधाराने चित्राची भिंत तगली. वीस वर्षांहून अधिक चाललेले जीर्णोद्धाराचे काम १९९९ मध्ये पूर्ण झाले. आता प्रेक्षक मोजक्या संख्येने, पंधरा मिनिटांपुरते, आत जातात. चौथे टेबल राहिले. बाकीची तीन उठली.

आपल्या घरांतही हेच घडू पाहत आहे, असे आम्हांस वाटते. आपल्या आजी-आजोबांकडे टेबल नव्हते. सारवलेल्या जमिनीवर पाट मांडले जात आणि रोझरी आटोपली की लहानथोर एकत्र बसत. आज टेबल आहे, चित्र आहे, चित्राखाली दिवाही आहे. परंतु कोणी पाळीवरून उशिरा येतो, कोणी ताट घेऊन दूरदर्शनसमोर जातो, कोणी मोबाईलमध्ये मान घालून जेवतो. नोकरीच्या वेळा आपल्या हाती नसतात, हे खरे. तरी उशिरा येणाऱ्यासाठी घरातले एखादे माणूस थांबू शकते. आठवड्यातले निदान एक जेवण सर्वांचे मिळून ठरविता येते.

त्या चित्रात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. प्रभू आणि बाराही शिष्य टेबलाच्या एकाच बाजूस बसलेले आहेत. अलीकडची बाजू रिकामी आहे. तिच्यासमोर मठातले धर्मबंधू जेवायला बसत. आपल्या घरी तिच्यासमोर आपण बसायचे आहे.