लाहोरचे दोन भाऊ, पुण्याचे दोन भाऊ आणि घरातला नवा संगणक

(थ्रेड)

१/ जुन्या दप्तरांचा शत्रू म्हणजे कसर. रुमालात बांधलेला कागद ती आतून पोखरते. बाहेरून काहीच दिसत नाही. संगणकाच्या दप्तरालाही अशीच कसर लागली. ती बुलढाण्यासारख्या जिल्ह्यापर्यंत कोणत्या वाटेने येऊ शकत होती आणि घरचा संगणक राखण्याची रीत कशी घडली, त्याचा हा इतिहास.

२/ आरंभ १९८६ सालचा, लाहोरचा. बासित व अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ तेथे संगणकाचा व्यवसाय करीत. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या फुकट नकला होऊ नयेत म्हणून त्यांनी ‘ब्रेन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात स्वतःची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले. आयबीएम घडणीच्या पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानला जातो.

३/ ब्रेन दडून बसे तो फ्लॉपीच्या ‘बूट सेक्टर’मध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना जो भाग सर्वांत आधी वाचला जातो तेथे. फ्लॉपी आत ठेवून संगणक सुरू केला की तो मेमरीत शिरे आणि नंतर घातलेल्या फ्लॉप्यांना लागण होई. याच जातीचे पुढचे व्हायरस हार्ड डिस्कमध्येही ठाण मांडू लागले.

४/ शेगावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालीच उभे राहिले होते. परंतु भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तेही प्रथम मोजक्या महानगरांत. तोवर व्हायरसचे मुख्य वाहन एकच: माणसाच्या खिशातली फ्लॉपी. घाटाखालच्या शेगाव-मलकापुरास ती रेल्वेने येणार, घाटावरच्या चिखली-मेहकरास एसटीने.

५/ त्या काळचे सर्वांत स्वस्त संरक्षण म्हणजे चिकटपट्टीचा एक तुकडा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. ती झाकली की ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर काहीही लिहू शकत नसे, व्हायरससुद्धा नाही. साडेतीन इंची फ्लॉपीत हेच काम सरकत्या खटक्याने होई.

६/ १९९१ साली ‘मायकेलअँजेलो’ सापडला. दरवर्षी ६ मार्च रोजी, त्या शिल्पकाराच्या जन्मदिनी, तो जागा होई आणि डिस्कवरील माहिती पुसून टाकी. १९९२च्या मार्चमध्ये जगभर लक्षावधी संगणक बंद पडण्याचे भाकीत झाले. प्रत्यक्ष हानी त्यामानाने फार थोडी झाली. पण व्हायरस हा शब्द सामान्य माणसाच्या कानी पडला.

७/ आता पुण्याचे दोन भाऊ. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले आणि तेथून संगणक दुरुस्तीत आले. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत बिघाड पुष्कळदा सुट्या भागांचा नसे, व्हायरसचा असे. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले. १९९०च्या दशकाच्या मध्यास त्यातूनच ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस जन्मास आला.

८/ लाहोरच्या भावांना आपले सॉफ्टवेअर राखायचे होते. पुण्याच्या भावांना गिऱ्हाइकाचा संगणक. अँटिव्हायरस हे मूलतः ज्ञात गुन्हेगारांच्या खुणांची यादी असते. यादी जुनी झाली की नवा चोर पहाऱ्यासमोरून सुखाने निघून जातो. म्हणून इंटरनेट नसलेल्या गावी खरा प्रश्न अँटिव्हायरस विकत घेण्याचा नव्हता; त्याची ताजी यादी वेळेवर पोहोचण्याचा होता.

९/ २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानच्या चेन इंग-हाऊ याने लिहिलेला ‘सीआयएच’ जागा झाला. तो हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग नष्ट करीच, शिवाय काही मदरबोर्डांवरील बायोसही बिघडवी. तसे झालेले यंत्र सुरूच होत नसे. व्हायरस केवळ माहितीचे नुकसान करतो, हा समज त्या दिवशी मोडला.

१०/ ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ हा प्रेमपत्राच्या वेषातील ईमेल जगभर पसरला. संशयितावर खटला चालवण्याजोगा कायदाच त्या देशात नव्हता. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून अमलात आला. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस घालणाऱ्यावर कलम ४३ नुसार भरपाईची जबाबदारी आली.

११/ २००२ मध्ये एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि संगणक शिक्षण तालुक्यांच्या गावी पोहोचले. पाठोपाठ ऑगस्ट २००३ मध्ये आला ‘ब्लास्टर’. त्याला फ्लॉपी लागत नसे, ईमेल उघडणेही लागत नसे. दुरुस्ती न केलेला विंडोज एक्सपीचा संगणक इंटरनेटला जोडला एवढे त्याला पुरे. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती १६ जुलैलाच दिली होती. पण ती उतरवून घेण्यासाठी नवा संगणक आधी जोडावा लागे आणि जोडताच तो बाधित होऊ शके!

१२/ या कोंडीतून एक क्रम रूढ झाला: आधी फायरवॉल चालू, मग जोडणी, मग अद्ययावतन, आणि त्यानंतर बाकी सारे. ऑगस्ट २००४च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल मुळातच चालू स्थितीत आली. गावकुसाचा दरवाजा आता आपोआप बंद राहू लागला.

१३/ मग शत्रूने वेष पालटला. ‘स्पायवेअर’ काही मोडत नाही, तो पाहतो. फुकटच्या टूलबारसोबत घरात येतो आणि कोणती पाने पाहिली, कोणता पासवर्ड टाइप केला, हे बाहेर कळवतो. घर फोडणारा दरोडेखोर ओळखता येतो. घरात राहून बातमी देणारा हेर ओळखणे अवघड, हे मराठी इतिहासाच्या वाचकास वेगळे सांगायला नको.

१४/ २०१२च्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरस विंडोजमध्येच मिळू लागला. तरी जुनी शिकवण शिळी झालेली नाही: अनोळखी ठिकाणचे काही चालवू नये, चोरीचे सॉफ्टवेअर घेऊ नये, अद्ययावतन टाळू नये, रोजच्या कामासाठी प्रशासकाचे खाते वापरू नये.

१५/ आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नक्कल. अनेक अस्सल पत्रे कसरीने खाल्ली. त्यांतील ज्यांची नक्कल दुसऱ्या दप्तरात होती तीच आज वाचता येतात. घरच्या संगणकातील छायाचित्रे, सातबाऱ्याच्या प्रती, आजोबांच्या मुलाखती ही उद्याची इतिहासाची साधने आहेत. त्यांची एक प्रत संगणकापासून वेगळ्या ठिकाणी असलीच पाहिजे.