घारापुरीचा अंधार

आमच्या भिवपुरीस टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले ते १९२२ साली. आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी घाट उतरून येथील यंत्रे फिरवू लागले आणि वीज मुंबईकडे वाहू लागली.

त्याच मुंबईच्या नजरेसमोर, आमच्याच रायगड जिल्ह्यात, घारापुरी बेट आहे. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर ह्या तीन वस्त्यांचे हे लहानसे गाव. १५३४ च्या वसईच्या तहानंतर येथे पोर्तुगीज अंमल आला. किनाऱ्यानजीकचा पाषाणाचा हत्ती पाहून त्यांनी बेटास एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली तो हत्ती इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत कोसळून भंगला. पुढे सांधलेला तो हत्ती आज भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. १९८७ साली लेण्यांना जागतिक वारशाचा मान लाभला.

लेणी पाहण्यास जग आले, परंतु सायंकाळच्या बोटीने ते परतत असे. मागे उरत गाव, जनित्राचा काही तासांचा उजेड आणि पलीकडे झगमगणारी मुंबई. समुद्रतळावरून साडेसात किलोमीटरची केबल येऊन घरोघर वीज पोहोचली ती २०१८ साली, भिवपुरीचे केंद्र सुरू झाल्यावर शहाण्णव वर्षांनी.

लेण्यांची शतके आपण आदराने मोजतो. गावाने अंधारात काढलेली ही वर्षेही त्याच इतिहासात मोजली जावीत, असे आम्हांस वाटते.