म्हाताऱ्याचा हिशेब

खेड्यातल्या माणसाला शाळेची किंमत कळत नव्हती, असे शहरात बसून म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आज मी त्या प्रघाताविरुद्ध चार शब्द बोलणार आहे.

सातारा जिल्ह्यातील ऐंशी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याला मी एकदा विचारले, "आबा, तुम्ही शाळेत का गेला नाहीत?" ते म्हणाले, "शाळा फुकट व्हती रं, पर मी गेलो आस्तो तर गुरं कुणी राखली आस्ती? त्यावर धाकल्यांची भाकर व्हती." याला अज्ञान म्हणता येत नाही. हा हिशेब आहे, आणि तो चोख आहे.

जोतीराव फुल्यांनी हा हिशेब ओळखला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थराला मिळतो, असे त्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. परंतु दंडाने भाकर मिळत नाही. भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली व 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे गरिबांची मुले अंगमेहनत करीत आणि शिकत. आबांच्या प्रश्नाला मिळालेले हे खरे उत्तर होय.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा. आबाच पुढे म्हणाले, "आमचा बा सांगायचा, सावकार वाचायचा आन् आमी माना डोलवायचो." 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली. जे वाचता येत नाही ते जाळावे लागते! पुढे 1879 च्या कायद्याने, शेतकऱ्याचे कर्जखत अधिकाऱ्यासमोर व्हावे आणि त्याला समजावून द्यावे, असे ठरले. म्हणजे वाचणारा माणूस सरकारला पुरवावा लागला. कारखान्यात मी हेच पाहिले आहे. पगारपत्रकावर अंगठा उठवणाऱ्याला आपले जादा तास कापले गेल्याचे दिसत नसे. न शिकण्याचीही मजुरी कापली जाते. फक्त ती उशिरा कापली जाते.

1995 पासून शाळेत दुपारचे जेवण देण्याची देशव्यापी योजना आली, 2009 साली सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षणहक्काचा कायदा झाला. तरी दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात, तेव्हा पुष्कळ मुले आईबापांबरोबर फडावर जातात. आईबाप दोघेही कोयता धरतात; मग तान्ह्याला सांभाळणार कोण? थोरली बहीण. आणि वर्गातली तिची जागा रिकामी राहते.

त्या मुलीच्या आईबापांना शिक्षणाचे महत्त्व सांगायला आपण वक्ते पाठवतो. वक्त्यांनी आधी त्यांचा मजुरीचा दर विचारावा. आबांचा हिशेब अजून चुकता झालेला नाही, आणि देणेकरी आपण आहोत.