पैसा पोराच्या नावाचा, पत्ता शाळेचा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात २०११ साली एक योजना आली. सरकार एका मुलामागे शाळेवर जो खर्च करते, त्यातला मोठा हिस्सा पालकाच्या ताब्यातल्या एका खात्यात जमा करायचा. त्या पैशांतून खाजगी शाळेची फी द्या, पुस्तके घ्या, शिकवणी लावा किंवा घरी शिकवा. आधी ही सोय अपंग मुलांसाठी होती, २०२२ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. अट एकच, पण मोठी. पालकाने सरकारशी करार करायचा आणि ‘आम्ही मुलाला घरी शिकवतो’ असे जे प्रतिज्ञापत्र तिथे द्यावे लागते, ते मागे घ्यायचे. म्हणजे मूल घरीच शिकणार, पण कागदावर ते गृहशिक्षणातले नाही, सरकारी खातेदार! त्यामुळे घरी शिकवणाऱ्यांत दोन तट पडले. एक म्हणतो, आमच्याच कराचा पैसा आहे. दुसरा म्हणतो, पैसा आला की मागोमाग इन्स्पेक्टर येणार.

आपल्याकडे असे खाते नाही. पण मुलाच्या नावाचा सरकारी पैसा नेमका कुठल्या पत्त्यावर जातो, हा प्रश्न महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून जुना आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या आपल्या वस्त्यांत तो आजही उंबऱ्यावर बसलेला आहे.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण आणले. मुंबई इलाख्यात रुजलेली पद्धत अशी की, इन्स्पेक्टरने यायचे, मुलांना वाचायला लावायचे, गणित घालायचे आणि जितकी मुले पास होतील तितके पैसे शाळेला द्यायचे. मास्तर शहाणा असेल तर काय करील? पास होणाऱ्या पोरांवर मेहनत घेईल, बाकीच्यांना मागच्या रांगेत बसवील. १९०४ मध्ये कर्झनच्या सरकारने ही ‘निकालावर पैसे’ पद्धत चुकीची ठरवली, पण तोवर शाळांना जी सवय लागायची ती लागली होती. (आजही दहावीचा निकाल शंभर टक्के दाखवण्यासाठी नववीत मुले गळतात, हे आम्हा मास्तरांना कुणी सांगायला नको.)

या पद्धतीत मकतबमधले किंवा घरात आईकडे शिकणारे मूल कुठेच बसत नव्हते. आपल्या घरांतल्या मुलींची तालीम पिढ्यान् पिढ्या घरातच झाली. नाज़रा कुरआन, थोडी उर्दू, हिशेबापुरते आकडे. मौलाना अशरफ अली थानवींचे ‘बिहिश्ती ज़ेवर’ तर मुलींना घरी शिकता यावे म्हणूनच लिहिले गेले, आणि कितीतरी मुलींच्या जहेजमध्ये ते गेले. पण बऱ्याच घरांत मुलींना वाचायला शिकवीत, लिहायला नाही. १९११ च्या जनगणनेत साक्षरतेची कसोटी अशी होती की, मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे आलेले उत्तर वाचता यावे. वाचन आणि लेखन दोन्ही हवे, हा नियम आजही आहे. म्हणजे रोज फजरनंतर कुरआन आणि दुपारी उर्दू किताब वाचणारी दादी सरकारच्या लेखी निरक्षर. मुस्लिम बायका शिकलेल्या नव्हत्या असे आकडे दाखवून सांगणाऱ्यांनी ही कसोटीही सोबत सांगावी. आणि ‘आमच्या घरात सगळे शिकलेले होते’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी मुलींच्या हाती कलम का दिली नाही, हेही सांगावे.

१८८२ मध्ये हंटर आयोग बसला. जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी तिजोरी भरते आणि तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हा त्यांचा आरोप सर्वांना माहीत असतो. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांवरही एक मुद्दा आहे, तो फारसा सांगितला जात नाही. शिष्यवृत्तीची पद्धत अशी आहे की ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच ती मिळते. ज्या जातींत शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या वेगळ्या ठेवा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. हंटर आयोगाने मुसलमानांसाठीही वेगळ्या शिफारशी केल्या. त्यांत एक अशी होती की, मुसलमानांच्या देशी शाळांनी आपल्या शिक्षणात दुनियादारीचे विषय घालावेत म्हणून त्यांना सढळ उत्तेजन द्यावे. महाराष्ट्र शासनाची २०१३ ची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना या शिफारशीची नात म्हणायला हरकत नाही. तो पैसाही मुख्यतः संस्थेला आणि शिक्षकाच्या मानधनाला.

मुलाच्या हाती पैसा देण्याचा प्रयोग आपण जवळून पाहिला तो गणवेशाचा. २०१६ च्या डिसेंबरात शासनाने लाभ थेट खात्यात देण्याचे ठरवले आणि २०१७ मध्ये दोन गणवेशांचे चारशे रुपये विद्यार्थी आणि आई यांच्या संयुक्त खात्यावर जमा करण्याचा हुकूम आला. आम्ही शिक्षक पासबुकांच्या झेरॉक्स गोळा करीत होतो. चारशे रुपयांसाठी खाते उघडायला बँक पाचशे, कुठे हजार मागे. आईच्या आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. ‘शेख शबाना’ आणि ‘शबाना बेगम’ या बँकेच्या लेखी दोन बायका. त्यात कंपनीत रोजंदारी करणाऱ्या आईने बँकेसाठी एक दिवस बुडवला की चारशेतले किती उरले, हिशेब करा. शिवाय हक्कदार कोण, तर सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालची मुले. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, पण पिवळे कार्ड नसलेल्या मजुराचा मुलगा बाहेर. पुढच्या वर्षी हे पैसे पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेले.

अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीचेही तसेच. २००८ पासून पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला हजार रुपये मिळत. रक्कम लहान, पण आपल्या शेकडो आयांनी आयुष्यातले पहिले बँक खाते तिच्यामुळे उघडले. २०२२ मध्ये केंद्राने आठवीपर्यंतची शिष्यवृत्ती बंद केली. कारण दिले की शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे. वही, रिक्षा आणि बुटांना हा कायदा लागू नाही, हे कुणाच्या ध्यानात आले नसावे.

मग पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२३ मध्ये आपल्या शाळांतल्या मुलांच्या साहित्यासाठी ई-रुपी आणले. पालकाच्या मोबाईलवर एक कूपन येते, ते ठरलेल्या वस्तूंसाठीच चालते. ॲरिझोनाच्या खात्याचे हे धाकटे भावंडच म्हणा. बँकेची रांग वाचली, ठेकेदाराच्या बुटांपासून सुटका झाली, हे मी मोकळेपणाने मानतो. पण कूपन महापालिकेच्या शाळेच्या पटावरच्या मुलाला. बाप चिखलीची खोली सोडून कामासाठी चाकणला गेला की मूल खेड तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या हद्दीत गेले. कूपन मागे राहिले.

आणि घरी शिकणारी मुले? पुण्यात हौसेने, विचार करून मुलांना घरी शिकवणारी कुटुंबे आहेत, त्यांचे कौतुक छापून येते. आपल्याकडे घरी शिकणे बहुधा नाइलाजाचे असते. उर्दू प्राथमिक शाळा सातवी-आठवीला संपते, पुढची शाळा दोन बस लांब, आणि घरचे म्हणतात, ‘घरीच कर, बाहेरून दे.’ बाहेरून म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. ही मुलगी नोंदणीचे पैसे भरते, परीक्षेची फी भरते, पुस्तके विकत घेते. नियमित विद्यार्थिनी नाही म्हणून तिला शिष्यवृत्ती नाही, पास नाही, कूपन तर नाहीच. जिच्यावर सरकारचा सर्वांत कमी खर्च होतो, तिच्याचकडून सर्वांत जास्त वसुली.

म्हणून घरच्या शिक्षणासाठी सरकारी खाते मागावे का, असे मला कुणी विचारले तर मी आधी नोंद मागेन. ४ जुलै २०१५ ला राज्यात शाळाबाह्य मुलांची एक दिवसाची पाहणी झाली. त्याच सुमारास फक्त दीनी तालीम देणाऱ्या मदरशांतली मुले शाळाबाह्य धरण्याचा निर्णय गाजला आणि आपण सगळे त्या वादात उतरलो. चौदा वर्षांवरच्या, घरी बसून बीजगणित सोडवणाऱ्या मुली मात्र कुठल्याच यादीत नव्हत्या. सरकारच्या नाहीत आणि आपल्या जमातच्याही नाहीत. मशिदीच्या वर्गणीची वही दर महिन्याला लिहिली जाते. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मोहल्ल्यातल्या अशा मुलींची नावे, शेवटची इयत्ता आणि दाखला कुठे आहे, एवढे लिहायला एक रविवार पुरेल. सतरा नंबरसाठी दाखल्याची मूळ प्रत लागते; ती नसेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र. मराठवाड्यातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबाला तो दाखला मागवायलाच महिना-दोन महिने जातात, आणि फॉर्मची मुदत कुणासाठी थांबत नाही.