फातिमा : एका नावाची पुंजी

आजकाल मुलीसाठी नाव शोधताना घरातलेच म्हणतात, 'फातिमा? फार जुनं वाटतं. काहीतरी नवं बघा.' मग मोबाईलवर यादी उघडते आणि ज्याचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही असे एखादे नाव पसंत होते. नवे नाव ठेवायला हरकत नाही. पण जुने टाकण्याआधी त्यात काय आहे, ते पाहायला हवे.

फातिमा हा शब्द अरबीतल्या 'फ-त-म' या धातूपासून आला. त्याचा अर्थ तान्ह्या मुलाचे दूध तोडणे. फातिमा म्हणजे दूध सोडवणारी, बाळाला वाढीच्या पुढच्या पायरीवर नेणारी. हे नाव इस्लामपूर्व अरबस्तानातही होते. हजरत अली यांच्या आईचे नाव फातिमा बिन्ते असद होते.

नावाला मान मिळाला तो पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या लेकीमुळे. पण पैगंबरांची लेक म्हणून तिला चैन नव्हती. जाते ओढून तिच्या हातांना घट्टे पडले होते. तिने वडिलांकडे मदतीला नोकर मागितला. वडिलांनी नोकर दिला नाही. झोपण्यापूर्वी ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणायला शिकवले. आज जगभर म्हटली जाणारी 'तस्बीह-ए-फातिमा' ती हीच. म्हणजे या तस्बीहच्या मुळाशी एका कष्टकरी बाईचे दुखरे हात आहेत.

पुढे हे नाव दूरवर गेले. मोरोक्कोतल्या फेज शहरातील कारविय्यीन मशीद इ. स. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी हिने वारशाच्या पैशातून उभारली, असे परंपरा सांगते. त्या मशिदीभोवती मोठे विद्यापीठ वाढले. ९६९ मध्ये कैरो वसवणाऱ्या राजघराण्याने आपला वंश या लेकीच्या नावाने सांगितला आणि ते 'फातिमी' म्हणून ओळखले जाते. तुर्कस्तानात तीच फात्मा झाली, पश्चिम आफ्रिकेत फातुमाता, आमच्याकडे फातमाबी.

आणि पुण्यात? १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई फुले यांनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या आजारपणामुळे माहेरी होत्या. आपल्यामागे फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. फातिमा शेख यांच्याविषयी आज वाद घातले जातात, त्या होत्या की नव्हत्या असे विचारले जाते. सोबतीणीने काळजीने घेतलेले हे नाव मात्र त्या पत्रात आहे.

मदिनेतली फातिमा जात्यावर राबली, पुण्यातली शाळेसाठी. दोघींच्याही कष्टाची नोंद दोन-चार ओळींत उरली. लेकीचे नाव फातिमा ठेवाल तर या ओळीही तिला सांगा. आणि वेगळे नाव ठेवलेत, तरी सांगा.